रक्तदाबाच्या शिबिरात लघवीची बाटली का नसते?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत उच्च रक्तदाबावर आलेला लेख वाचला. मीठ कमी करा, रोज चाला, झोप पुरी घ्या, ताण घेऊ नका, हे सगळं त्यात होतं आणि ते बरोबरच आहे. पण पानभर लेखात लघवी हा शब्द एकदाही आला नाही. किडनी आली ती शेवटून दुसऱ्या ओळीत, तीही ‘रक्तदाबाने किडनीवर परिणाम होऊ शकतो’ एवढं सांगण्यापुरती. याची उलटी बाजू राहूनच गेली. किडनी आजारी असेल तर तीच रक्तदाब चढवते. ती दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे बीपीच्या मशीनवरचा वाढलेला आकडा हीच कित्येकदा तिच्या आजाराची बाहेर दिसणारी पहिली खूण असते. त्या खुणेवर आपण गोळी देतो आणि फाइल बंद करतो.

मी डॉक्टर नाही. इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझी ओळख माणसांपेक्षा त्यांच्या बाटल्यांशी जास्त. तरी या एका विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला हक्क आहे असं मी समजते, कारण घरातच प्रकरण घडलं.

माझ्या ताईचा मुलगा. तिशी न ओलांडलेला, अंगाने सडपातळ, सिगारेट-दारू काही नाही, विजयनगरच्या बाजूला एका आयटी कंपनीत नोकरी. ऑफिसातल्या आरोग्य तपासणीत त्याचं बीपी निघालं १६०/१०४. तपासणाऱ्याने विचारलं, नाइट शिफ्ट असते का? असते. झालं, निदान ठरलं. “टेन्शन मत लो भिया, योगा करो.” पुढे एका डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी सुरू केली. गोळी चांगली आहे, मी गोळीला दोष देत नाही. पण सोबत एकही तपासणी सांगितली नाही, आणि पुढे त्याच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला पाकिटं देत राहिला. काही महिन्यांनी त्याचे घोटे सुजायला लागले. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, हे खरंच आहे, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. गोळी बदलली, सूज तशीच राहिली. आता सकाळी डोळ्यांखालीही दिसू लागली. त्यावर उत्तर आलं की जागरणं फार होतात.

खरी गोष्ट बाहेर पडली ती ताईच्या तक्रारीतून. तिचं म्हणणं असं, की कामवाल्या बाई बाथरूम धुताना साबणाची पावडर नीट काढत नाहीत, कमोडमध्ये सकाळी फेस असतो तो असतोच. बाईंना दोनदा बोलून झालं होतं. मी विचारलं, फेस कधी असतो? म्हणाली, हा उठून गेला की. लघवीतून प्रोटीन गळत असेल तर असा फेस येतो. म्हणून मी भाच्याला म्हटलं, उद्या सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन ये. तो लाजला. “मावशी, काय हे!” पण घेऊन आला.

लॅबमध्ये आता लघवीत बुडवायची, रंग बदलणारी स्ट्रिप आहे, मशीन आहे. मी आधी जुन्या पद्धतीने बघितलं, कारण माझा हात त्यावर बसलेला. काचेची नळी पाऊणभर भरायची, बुडाशी धरायची आणि फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. खालचा भाग गार राहतो, त्यामुळे वर गढूळपणा आला तर खालच्या स्वच्छ लघवीशी ताडून बघता येतो. गढूळ झालं म्हणजे प्रोटीनच असं मात्र नाही, फॉस्फेटनेही तसं होतं. म्हणून वरून पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. फॉस्फेट असेल तर ते विरघळतं आणि नळी पुन्हा स्वच्छ दिसते. प्रोटीन असेल तर पांढरं तसंच राहतं. भाच्याच्या नळीत थेंब पडल्यावर पांढरेपणा कमी तर झाला नाहीच, उलट नासलेल्या दुधासारखे कण दिसायला लागले. स्ट्रिपने थ्री प्लस दाखवलं, म्हणजे भरपूर प्रोटीन. मायक्रोस्कोपखाली लाल पेशी, त्याही वेड्यावाकड्या आकाराच्या, म्हणजे किडनीच्या गाळणीतून चेपून आलेल्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, २.१. त्या वयाच्या मुलाला ते साधारण एकच्या आसपास असायला हवं. पुढे किडनीतज्ज्ञांनी बायप्सी केली आणि नाव कळलं: आयजीए नेफ्रोपॅथी. शरीराचीच प्रतिपिंडं किडनीच्या गाळण्यांत साचून बसतात. १९६८ साली पॅरिसमध्ये झाँ बर्जे यांनी हा आजार पहिल्यांदा वर्णन केला. तरुणांत तो बराच आढळतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप चालतो. नाइट शिफ्टचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

ही नळी तापवण्याची गोष्ट नवी नाही. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट मेणबत्तीवर चमच्यात लघवी तापवून बघत. अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन आणि शवविच्छेदनात खराब किडन्या, या तीन गोष्टींची सांगड त्यांनी १८२७ साली घातली. १८३६ मध्ये त्यांनी आणखी एक नोंद केली, की अशा रोग्यांचं हृदय मोठं झालेलं सापडतं. रक्त पुढे ढकलायला त्याला जास्त जोर लावावा लागत असावा. तेव्हा दंडाला बांधायचा पट्टाही नव्हता, तो रिवा-रोची या इटालियन डॉक्टरांनी १८९६ मध्ये आणला. म्हणजे हा पट्टा येण्याच्या साठ वर्षं आधी एका माणसाला चमचा आणि मेणबत्ती एवढ्या सामानावर किडनी आणि रक्तदाबाचं नातं दिसू लागलं होतं. आणि आपण वातानुकूलित ऑफिसात डिजिटल मशीन लावून त्याला नाइट शिफ्ट म्हणतो.

किडनी दाब चढवते कशी, हे भाच्याला मी बायप्सीच्या रिपोर्टची वाट बघताना समजावलं, तेच इथे लिहिते. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दिवसाकाठी रक्तातून १८० लीटरच्या आसपास द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लीटर. बाकीचं सगळं, मिठासकट, शरीर परत घेतं. गाळण्या कमी झाल्या की मीठ बाहेर टाकणं जमत नाही, मिठामागे पाणी अडतं आणि दाब चढतो. हा झाला एक रस्ता. दुसरा रस्ता रेनिनचा. आपल्याकडे रक्त कमी पोचतंय असं किडनीला जाणवलं की ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमान यांनी सशाच्या किडनीतून ते शोधलं, १८९८ मध्ये. हे रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, त्यावर मुख्यतः फुफ्फुसांत पुढचं काम होतं आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-२. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि वर अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडायला लावून मीठ आणखी अडवतं. जुलाब झाले, रक्त वाहून गेलं, अशा वेळी याच व्यवस्थेने जीव वाचतो. आजारी किडनीत मात्र ती गरज नसताना चालू राहते. चढलेला दाब उरलेल्या गाळण्यांवर पडतो, त्यातल्या काही आणखी जातात, दाब आणखी चढतो. रक्तदाबाने किडनी बिघडली की किडनीने रक्तदाब बिघडवला, हे काही वर्षांनी रिपोर्ट बघून सांगणं कठीण होऊन बसतं.

गाळण्या ठीक असूनही हे होतं. किडनीकडे जाणारी धमनीच अरुंद झाली असेल तर किडनीची समजूत होते की सगळ्या शरीरातच रक्त कमी आहे. क्लीव्हलँडचे हॅरी गोल्डब्लॅट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून हे सिद्ध केलं. ते पॅथॉलॉजिस्ट होते, हे मी थोड्या अभिमानाने नमूद करते. म्हाताऱ्या माणसांत ही धमनी बहुधा चरबीच्या थराने अरुंद होते. आपल्या देशात तरुण मुलींमध्ये ताकायासू नावाच्या, मोठ्या धमन्यांना सूज आणणाऱ्या आजारानेही होते. त्यात एका हाताची नाडी लागत नाही, किंवा दोन्ही हातांच्या बीपीत बराच फरक येतो. म्हणून पहिल्यांदा बीपी बघताना दोन्ही हातांचं बघावं. याला पैसे पडत नाहीत.

मग प्रत्येक बीपीवाल्याला किडनीचा आजार आहे का? मुळीच नाही. बहुतेकांना असं एक कारण सापडतच नाही. पण तिशीच्या आत बीपी निघालं, किंवा लघवी वाढवणारी धरून तीन गोळ्या पुऱ्या मात्रेत घेऊनही आकडा उतरत नाही, किंवा वर्षानुवर्षं ठीक असलेलं बीपी एकाएकी हाताबाहेर गेलं, किंवा घरात कोणाच्या किडनीत पाण्याच्या गाठी होत्या, तर थांबून विचार करायला हवा. या गाठींचा जो प्रकार मोठेपणी उघड होतो, तो आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते. लहानपणी तापासकट वारंवार लघवीचा संसर्ग झालेली मुलंही यात धरावीत. आणि खरं सांगायचं तर एवढी पारख करत बसण्याचीही गरज नाही. नव्याने बीपी निघालेल्या प्रत्येकाची लघवी आणि क्रिएटिनिन एकदा बघावं, हे डॉक्टरांच्या पुस्तकातही लिहिलेलं आहे. नुसत्या क्रिएटिनिनवर मात्र विसंबू नये. किडनीचं निम्मं काम जाईपर्यंत ते नॉर्मलच्या रेघेखाली राहू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन बरंच आधी बोलतं.

भाच्याला टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी सुरू झाली. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ वरून २.४ वर गेलं आणि ताईच्या घरी हलकल्लोळ. कोणी तरी मोबाइलवर पाठवलंच होतं, की या गोळीने किडन्या जातात. ताई पाकीट कचऱ्यात टाकायला निघाली होती. खरी गोष्ट अशी, की ही आणि रॅमिप्रिलसारखी औषधं अँजिओटेन्सिनलाच आवर घालतात. गाळणीच्या आतला दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात. त्याहून जास्त झाली तर मात्र थांबून कारण शोधतात, धमनी तर अरुंद नाही ना ते बघतात. म्हणून गोळी सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. गरोदर बाईला ही औषधं चालत नाहीत, हेही सांगून ठेवते. भाच्याची लघवीतली गळती आता बरीच कमी झाली आहे, बीपी १२५/७८ च्या आसपास असतं आणि क्रिएटिनिन आहे तिथे टिकलं आहे. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत. आपण लढतो ते उरलेल्यांसाठी.

आता इंदूरकरांच्या खाण्याबद्दल लिहिलं नाही तर पत्र अपुरं राहील. डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. आपण सकाळी पोह्यांवर शेव घेतो, शेवेवर जीरावन मसाला भुरभुरवतो, आणि जीरावनात साधं मीठ, काळं मीठ दोन्ही. हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेल्या गराडूच्या कंदावर पुन्हा मसाला. हे सगळं खाऊन आल्यावर घरी वरणात मीठ कमी घातलं म्हणून समाधान मानतो. सैंधवाने बीपी वाढत नाही, ही आणखी एक समजूत. सैंधव म्हणजेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. आणि बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाला ते बरं, पण किडनीच्या रोग्याचं पोटॅशियम आधीच चढत असतं आणि ते जास्त चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ताईने कौतुकाने आणलेला पुडा मी उचलून माझ्या घरी आणला.

दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. गुडघे माझेही दुखतात, त्यामुळे मोह कळतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, या गोळ्या रोज घेतल्या तर मीठ अडवतात, बीपी चढवतात, आधीच आजारी असलेल्या किडनीला तर फारच जड जातात. आमच्या वसाहतीतल्या कितीतरी काकू सकाळी बीपीची गोळी आणि रात्री गुडघ्याची गोळी घेतात, आणि दोन्हीचं भांडण पोटात चालू आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता मुख्य मागणी. इंदुरात आपल्या मराठी मंडळांची गणेशोत्सवात आरोग्य शिबिरं होतात. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, सगळीकडे हौसेने होतात. टेबलावर बीपीचं मशीन असतं, बोटातून रक्त घेऊन साखर बघायचं यंत्र असतं, वजनकाटा असतो. लघवीची स्ट्रिप नसते. मी एका मंडळाच्या बैठकीत विषय काढला तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “बाप्पासमोर ते बरं दिसणार नाही.” सगळे हसले आणि पुढचा विषय आला, अथर्वशीर्षाच्या स्पर्धेचा. अहो, बाप्पासमोर बाटल्या मांडा असं म्हणतंय कोण? आदल्या संध्याकाळी आरतीनंतर नाव लिहिलेल्या रिकाम्या बाटल्या वाटायच्या, सकाळची पहिली लघवी जवळच्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या खोलीत जमा करायची. स्ट्रिप बुडवायची, मिनिटभर थांबायचं, पिवळा चौकोन हिरवा झाला, म्हणजे प्रोटीन आहे, की नाही ते बघायचं. एका माणसामागे खर्च एका कचोरीहून जास्त नाही. ज्याची हिरवी आली, त्याला घाबरवायचं नाही. ताप, फार व्यायाम, पाळी, यांनीही ती फसते. त्याला चिठ्ठी द्यायची, की थोड्या दिवसांनी पुन्हा बघा, तेव्हाही आली तर लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो आणि रक्तातलं क्रिएटिनिन करून डॉक्टरांना भेटा. रेशो ३० च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) खाली असेल तर ठीक, वर असेल आणि तीन महिने तसाच राहिला तर तो किडनीचा आजार. या तपासण्या एमवायसारख्या सरकारी इस्पितळातही होतात.

बीपी बघण्याची रीतही जरा सुधारावी. माणूस घामाघूम होऊन मांडवात येतो, लाउडस्पीकर चालू, प्लास्टिकच्या खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पट्टा आवळला जातो आणि वर गप्पाही चालू. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. नाहीतर निघालेल्या आकड्याला अर्थ नाही.

सरकारने २०१६ पासून डायलिसिससाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आहे आणि गरीब माणसाला त्याचा फार आधार आहे. पण तिथे माणूस पोचतो तो दोन्ही किडन्या हरल्यावर. तिथवर जाण्याच्या वाटेवर वर्षानुवर्षं त्याची लघवी फेसाळलेली असते आणि बीपी चढलेलं असतं, आणि दोन्हींकडे वेगवेगळी माणसं बघत असतात.

आपल्या पुरवणीत यापुढे रक्तदाबावर काही छापाल तेव्हा ‘लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या’ ही ओळ ठळक अक्षरात टाकावी, ही विनंती. आणि जी मंडळं यंदा शिबिर घेणार असतील त्यांच्यासाठी: स्ट्रिपा वाचायला मी बसायला तयार आहे, मानधन नको. खोली मात्र उजेडाची द्या, खिडकी असलेली. पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि हिरवा रंग वेगळा ओळखू येत नाही.

भाच्याच्या लग्नाचं बघणं चालू आहे, म्हणून माझं नाव छापू नये. आपल्या कार्यालयाकडे नाव-पत्ता दिला आहे.

आपली वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
राजेंद्र नगर, इंदूर